साप अंगावर विसावतो, म्हणजे त्याला आपला लळा लागलेला असतो का?

निशिगंध

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा प्रश्न मनात घोळतोय. इथे प्राण्यांविषयी जाणकार लोक आहेत, म्हणून धागा काढतेय.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. इथे कॉर्न स्नेक (अमेरिकेतला एक बिनविषारी साप) पाळायला परवाना लागत नाही. लेकीच्या नवव्या वाढदिवसाला आमच्याकडे एक पिल्लू आलं, पेन्सिलीएवढं. केशरी अंगावर तांबडे डाग आणि पोटाखाली मक्याच्या कणसासारखी काळी-पांढरी चौकट. नाव ठेवलं केशर. आता केशर साडेतीन फुटांची आहे आणि लेक तेरा वर्षांची.

शाळेतून आली की लेक तिला काचेच्या पेटीतून बाहेर काढते. केशर मनगटावरून बाहीत शिरते, कोपरापाशी एक वेढा घालते आणि तिथेच थांबते. अर्धा-अर्धा तास. लेक तेवढा वेळ दुसऱ्या हाताने गृहपाठ करते. "आई, तिला माझ्याजवळच बरं वाटतं," हे तिचं ठाम मत. उन्हाळ्यात साताऱ्याहून सासूबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "साप कुणाचा नसतो गं बाळा." लेक दोन दिवस आजीशी धड बोलली नाही.

गेल्या महिन्यात एक प्रकार घडला. केशरला उंदीर खाऊ घातला त्याच्या दुसऱ्याच दिवशी लेकीने तिला उचललं. केशरने मान ताणली, जबडा उघडला आणि अर्धवट पचलेला उंदीर लेकीच्या मांडीवर टाकला. तो वास दोन दिवस खोलीतून गेला नाही. लेक रडून रडून म्हणत होती, "मी तिला त्रास दिला का?" मला काय उत्तर द्यावं कळेना.

म्हणून विचारतेय. सापाला आपला स्पर्श आवडू शकतो का? माया वगैरे काही असतं का? लेकीचं मन राखणारं उत्तर नको. खरं असेल ते सांगा.

डोंगरवाट

निशिगंधताई, तुमच्या प्रश्नाआधी भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक सांगतो. आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बिनविषारी असला तरी, आणि "चारच दिवस ठेवतो" म्हटलं तरी.

मी अठरा वर्षं सातारा भागात घरात शिरलेले साप पकडून रानात सोडतो. धामण पकडली की आधी फुत्कारते, शेपूट आपटते, हाताला डसायला बघते. पाच-दहा मिनिटांनी गप्प होते. मग भोवती जमलेली माणसं म्हणतात, "बघा, दादांना ओळखलं तिनं." सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं. नंतर कळलं, ती दमलेली असते. सुटायची वाट सापडत नाही म्हणून ती ताकद राखून थांबलेली असते. पोत्याचं तोंड सैल झालं की तीच धामण बाणासारखी जाते. मागं वळून बघत नाही.

एक प्रसंग अजून टोचतो. एका वाडीत एकाने मांडूळ पिंपात ठेवलं होतं. मांडूळ घरात असलं की पैसा येतो, या खुळापायी. माणूस वाईट नव्हता. रोज त्याला हातात घ्यायचा, अंगावरून हात फिरवायचा, "लई गुणाचं आहे, कधी चावत नाही" म्हणायचा. मी उचललं तेव्हा कातडी सुरकुतलेली होती आणि जुन्या कातीचे तुकडे डोळ्यांवर तसेच चिकटलेले होते. मांडूळ तसं चावतच नाही सहसा. त्याच्या गुणाचं कौतुक चाललं होतं आणि ते पाण्यावाचून वाळत होतं. आम्ही ते वनखात्याच्या ताब्यात दिलं.

तुमची लेक तशी नाही, हे तुमच्या लिहिण्यावरूनच कळतं. पण साप गप्प आहे म्हणजे सुखात आहे, असं धरून चालू नका एवढंच सांगणं.

ओवीबद्ध

वाचतेय. मला सापाची भीती वाटते, तरी तो बाहीतला वेढा डोळ्यांसमोर आला.

खवले

प्राणिशास्त्र शिकवते, सरपटणारे प्राणी हाच विषय. थोडं सविस्तर लिहिते.

आधी बाही. इंग्लंडमधल्या खोलीत अठरा-एकोणीस अंश तापमान असणार. माणसाच्या हाताची त्वचा साधारण बत्तीस-तेहतीस अंश. सापाला स्वतःच्या शरीरात आपल्यासारखी ऊब तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. शिवाय कॉर्न साप निसर्गात झाडाच्या सालीखाली, ओंडक्यांच्या फटीत राहतो. दोन्ही बाजूंनी अंगाला काहीतरी घट्ट लागलं, वर अंधार असला, की त्याला सुरक्षित वाटतं. म्हणजे उबदार, अंधारी, अंगाला चिकटून बसणारी बाही ही त्याच्या दृष्टीने उत्तम फट आहे. लेकीच्या जागी गरम पाण्याची नळी असती तरी तो कदाचित तिथेच थांबला असता.

आता कुरवाळणं. कुत्र्या-मांजरांची पिल्लं आईच्या अंगाखाली वाढतात, आई त्यांना चाटते. स्पर्श म्हणजे माया ही गाठ तिथे पडते. कॉर्न सापाची मादी अंडी घालते आणि निघून जाते. पिल्लू अंड्यातून बाहेर येतं ते पहिल्या क्षणापासून एकटं. त्याच्या आयुष्यात वरून येणारा स्पर्श कुणाचा? ससाण्याचा, रॅकूनचा. म्हणून डोक्यावरून आणि पाठीवरून हात फिरवणं हे आपल्याला लाड वाटतात, त्याला ते सोसावं लागतं. सवयीने साप ते सोसायला शिकतो, हेही खरं. पण सोसणं वेगळं आणि आवडणं वेगळं.

एवढं लिहून थांबले असते तर मीही अर्धंच सांगितलं असतं. साप म्हणजे नुसती चालती नळी, हे जुनं मत आता टिकत नाही. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात डेव्हिड होल्ट्झमन यांनी १९९९ साली कॉर्न सापांवरच प्रयोग केले. उघड्या रिंगणातून सुटकेचं भोक कुठे आहे हे साप खुणांवरून शिकतात आणि सरावाने लवकर शोधतात, असं दिसलं. २०२० मध्ये कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठाच्या मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर यांनी गार्टर सापांच्या ४० पिल्लांवर रंगीत ठिपके देऊन लक्ष ठेवलं. जागा बदलून त्यांना विखुरलं तरी पिल्लं पुन्हा ठरावीक सोबत्यांपाशी जायची. आणि २०२१ मध्ये इंग्लंडातल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं की लपायला, चढायला, उकरायला भरपूर सोय असलेल्या पेटीत राहिलेले कॉर्न साप ओळखीच्या माणसाचा वास आणि परक्याचा वास यांत फरक करतात. ओक्याबोक्या पेटीतल्या सापांमध्ये तसं दिसलं नाही.

म्हणजे तुमच्या लेकीचा वास केशरला बहुधा माहीत आहे. तो वास म्हणजे धोका नाही, हेही माहीत असेल. ही छोटी गोष्ट नाही. पण त्यावरून "आवडते" म्हणता येत नाही.

यारेकाठी

मेलबर्नहून. माझ्याकडे नऊ वर्षं कार्पेट अजगर आहे, रीतसर परवाना काढून. खवले यांचं बरंचसं पटतं, पण एका मुद्द्यावर अडतो.

आमची राणी रोज संध्याकाळी काचेला नाक लावून बसते. दार उघडलं की स्वतःहून माझ्या दंडावर येते. मी पेटीत हात घालून तिला ओढत नाही. शेजारी तिची फांदी असते, तिच्यावर उष्णतेचा दिवा असतो. ऊबच हवी तर ती तिथे आहे. तरी ती माझ्याकडे येते. पाहुणा समोर असला तर दारातच थांबते, जीभ लवलवत त्याचा वास घेते आणि बहुतेक वेळा मागे जाते. याला नुसती सवय म्हणायचं का? नऊ वर्षं जवळून पाहिल्यावर मला तरी त्यात पसंती दिसते.

खवले

@यारेकाठी, तुम्ही फार महत्त्वाचं लिहिलंत: "ओढत नाही." मला वाटतं सगळं तिथेच आहे. साप मनातलं सांगू शकत नाही, पण जाऊ शकतो किंवा न जाऊ शकतो. आपण ती मोकळीक देतो का, हा प्रश्न. राणी तुमच्याकडे येते ती कदाचित तुम्ही तिच्यासाठी बाहेरच्या जगाचं दार आहात म्हणून. तुमच्या दंडावरून तिला खोली धुंडाळता येते. तरीही ती तिची स्वतःची निवड आहे, आणि त्या निवडीला मी "पसंती" म्हणायला तयार आहे.

यावरून एक प्रयोग आठवला. कॅलिफोर्नियात लोमा लिंडा विद्यापीठात खुळखुळ्या सापांना (रॅटलस्नेक) त्रास देऊन, म्हणजे बादलीत घालून हलवून, त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. २०२३ साली तो अभ्यास छापून आला. साप एकटा असताना, सोबत दुसरा साप असताना, आणि सोबत जाडजूड दोरखंड असताना, अशा तिन्ही वेळा मोजणी झाली. सोबती असला की ठोके कमी वाढायचे. दोरखंडाने ते साधत नव्हतं. मला त्या दोरखंडाचं कौतुक वाटतं. तो ठेवला नसता तर "अंगाला काहीतरी लागलं म्हणून शांत झाला" असं म्हणून विषय संपला असता.

निशिगंध, तुमच्या लेकीला विचारा, ती स्वतःचा दोरखंड ठेवायला तयार आहे का? एका धुतलेल्या स्वेटरच्या बाहीत अंगाइतक्या कोमट पाण्याची बाटली ठेवायची. पेटीचं दार उघडायचं. एका बाजूला बाही, दुसऱ्या बाजूला तिचा हात, मध्ये मोकळी जागा. उचलायचं नाही, बोलावायचं नाही. अर्धा तास बसायचं आणि वहीत लिहायचं. दोन आठवडे.

मुळशीकर

पुण्याजवळ पशुवैद्य आहे. प्रयोग जरूर करा, पण खाल्ल्यावर निदान ४८ तास केशरला हात लावू नका. परत एकदा उलटी झाली तर अन्ननलिकेला इजा होते आणि साप अशक्त होतो. मागच्या उलटीनंतर दहा-बारा दिवस उपाशी ठेवून मग नेहमीपेक्षा लहान उंदीर दिलात ना? नसेल तर तिथल्या डॉक्टरांना वजन दाखवून या. हाताळल्यावर साबणाने हात धुणं हाही नियम करा, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर जास्तच जपा.

"शांत" या शब्दाबद्दल मला बोलायचं आहे. हल्ली पुण्या-मुंबईत बॉल पायथन पाळणारे वाढलेत. हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला अजगर. परदेशी जात असली तरी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, हे पुष्कळांना दुकानदार सांगतच नाहीत. या सापाचं नावच पडलंय ते तो घाबरला की चेंडूसारखा गोळा होतो, डोकं मध्ये दडवतो आणि हलत नाही म्हणून. माझ्याकडे एकजण असा अजगर घेऊन आले. तीन महिने खाल्लं नव्हतं. घरच्या प्रत्येक समारंभात पाहुण्यांच्या गळ्यात तो घालून फोटो निघायचे. "इतका शांत आहे, कुणाकडेही जातो," ते अभिमानाने सांगत होते. टेबलावर ठेवला तर माझ्यासमोर तो मुठीएवढा गोळा होऊन बसला. त्याचं अंग हाताला दगडासारखं लागत होतं.

मी औषध दिलं नाही. दोन लपायच्या जागा, एक उबदार बाजूला आणि एक गार बाजूला. पेटीवर चादर. महिनाभर कुणीही हात लावायचा नाही. सव्वीसाव्या दिवशी त्यांचा फोन आला, उंदीर खाल्ला म्हणून. ते गृहस्थ फोनवर रडत होते. प्रेम नव्हतं असं नाही हो. त्या प्रेमाला सापाची भाषा माहीत नव्हती.

हातातला साप कसा आहे हे बघायचं तर अंग बघा. सैलसर, सावकाश पुढे सरकणारा, जीभ लांब आणि निवांत काढणारा साप आजूबाजूचा शोध घेतोय. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे, श्वास जोरात, शेपटी थरथरतेय, हातातून पुन्हा पुन्हा घसरून जायची धडपड, किंवा एकदम ताठ गोठलेला, तर लगेच पेटीत ठेवा.

ओवीबद्ध

माझी एक शंका. सापांत आईची मायाच नसते का? कुठेतरी वाचलं होतं की अजगराची मादी अंडी उबवते.

खवले

उबवते. आपल्या भारतीय अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि गार पडलं की स्नायू आखडून-सैल करून, थरथरून ऊब तयार करते. त्या काळात बहुधा खातही नाही. नागराजाची (किंग कोब्राची) मादी पाला ओढून घरटं करते आणि राखते. आफ्रिकेतल्या रॉक अजगराची मादी पिल्लं बाहेर आल्यावरही काही दिवस बिळाशी त्यांच्यासोबत असते, असं दक्षिण आफ्रिकेतल्या ग्रॅहम अलेक्झांडर यांनी कॅमेऱ्याने टिपलंय. म्हणून "साप कुणाचा नसतो" हे सगळ्या सापांना लावता येत नाही. पण कॉर्न साप त्यांच्यातला नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

माजघर

मी सत्तरीची बाई, शास्त्र शिकलेली नाही. तरी लिहिते.

आमच्याकडे नागपंचमीला नाग भाऊ. आई पाटावर चंदनाने नाग काढायची, लाह्या-फुटाणे वाहायची. त्या दिवशी काही चिरायचं नाही, तळायचं-भाजायचं नाही, चुलीवर तवा चढवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची. शेतात नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही. कहाणी ठाऊक असेलच, शेतकऱ्याच्या नांगराने नागिणीची पिल्लं मेली ती. लहानपणी मला प्रश्न पडायचा, भाऊ आहे तर त्याला घरात का नाही बोलवायचं? आई म्हणायची, "त्याचं घर त्याला असू दे. आपण त्याला दुखवायचं नाही, एवढंच भावाचं नातं."

पुढे गावात गारुडी टोपलीतला नाग घेऊन दारोदार यायचे. दूध पाजा म्हणायचे. साप दूध पीत नाही, तहानेने मरायला टेकला म्हणून तोंड लावतो, हे मला लग्नानंतर कळलं. तेव्हा फार अपराधी वाटलं. आपण किती वाट्या दूध पुढे केलं असेल!

निशिगंध, तुझ्या सासूबाईंना मुलीचं मन दुखवायचं नसणार. त्यांनाही आईने हेच सांगितलं असेल.

डोंगरवाट

माजघर आजी, तुमचं वाचून गलबलून आलं. नागपंचमीच्या आठवड्यात आजही आम्हाला उपाशी, दात काढलेले नाग सापडतात.

निशिगंध

मंडळी, अडीच आठवडे झाले. सगळ्यांचे मनापासून आभार. मुळशीकर, वजन करून आणलं, ठीक आहे. मागच्या वेळी आम्ही आठवड्यातच नेहमीएवढा उंदीर दिला होता, ती चूक झाली.

हा पूर्ण धागा मी लेकीला वाचून दाखवला. तिला मराठी नीट वाचता येत नाही, पण कळतं. मांडुळाच्या गोष्टीला ती उठून केशरची पाण्याची वाटी बघून आली. दोरखंडाचं ऐकून म्हणाली, "करूया." तिने बाबाचा जुना स्वेटर धुतला, बाही कापली, आणि थर्मामीटर लावून बाटलीतलं पाणी हाताइतकं कोमट केलं.

खाऊ घातल्यानंतरचे दिवस सोडून चौदा संध्याकाळी दार उघडलं. पाच संध्याकाळी केशर बाहेर आलीच नाही. सालीखालून नुसतं नाक दिसत होतं. चार वेळा ती बाटलीच्या बाहीत गेली. तीन वेळा बाही आणि हात दोन्ही ओलांडून पुस्तकांच्या फळीवर चढली आणि शब्दकोशामागे जाऊन बसली. दोन वेळा लेकीच्या हातावर आली.

पहिले चार दिवस लेक गप्प होती. पाचव्या दिवशी रात्री माझ्या कुशीत येऊन म्हणाली, "आई, ज्या दिवशी तिला यायचं नव्हतं त्या दिवशीपण मी तिला ओढून काढायचे. रोज." मी काही बोलले नाही. नुसती थोपटत राहिले. सकाळी तिने आजीला फोन केला आणि अर्धा तास बोलत होती. काय बोलल्या ते दोघींनी मला सांगितलेलं नाही.

खवले, त्या दोन वेळांबद्दल तुम्हाला सांगायचंय. पहिल्या वेळी ती हातावरून पुलावरून जावं तशी सरळ फळीवर गेली. दुसऱ्या वेळी, परवा मंगळवारी, बाहीत कोमट बाटली होती, फळी मोकळी होती. ती मनगटापर्यंत आली. लेकीच्या हातात आजीने दिलेलं काळ्या मण्यांचं कडं असतं. त्या एकेका मण्यावर जीभ फिरवली. मग तळहातावर अर्धं अंग गोळा करून थांबली, डोकं अंगठ्यावर टेकून. लेक श्वास रोखून बसली होती. बोट हलवलं नाही तिने, कुरवाळलं नाही. घड्याळ बघत होते मी, अकरा मिनिटं. मग केशर आपणहून वळली आणि पेटीत गेली. लेकीने वहीत लिहिलं: "हात. ११ मि. स्वतः आली, स्वतः गेली."

याला काय म्हणायचं ते मी तिला विचारलं नाही, तिनेही मला विचारलं नाही.

आता पेटीत तिने एक आडवी फांदी बांधलीय, कोरड्या पानांचा थर घातलाय, आणि फळीच्या मागची भिंतीकडची फट पुठ्ठ्याने बंद केलीय, केशर तिथून निसटू नये म्हणून. यारेकाठी, चढायला अजून काय लावता येईल ते सुचवा, तुमच्या राणीची पेटी कशी आहे त्याचा फोटो टाकलात तर बरं होईल.

आज सकाळी केशरच्या डोळ्यांवर निळसर साय आलीय आणि अंगाचा रंग मळकट झालाय. कात टाकायची वेळ जवळ आलीय. शाळेला जाण्याआधी लेकीने काचेवर चिठ्ठी चिकटवलीय, इंग्रजीत आणि तिच्या मोडक्या देवनागरीत: "दार बंद. हीला दीसत नाही. कोणी हात लाऊ नये."